बिनवासाचं पाणी

त्या सोमवारी मी बाटलीचं झाकण उघडलं आणि मला काहीच वास आला नाही.

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मला तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. एमएस्सीनंतरची पहिली पक्की नोकरी. लॅबमध्ये माझ्याकडे पाण्याचं काम होतं. कारखान्यातलं घाण पाणी शुद्ध करणारा प्लांट आवाराच्या मागच्या कोपऱ्यात होता, सगळे त्याला ईटीपी म्हणायचे. तिथून बाहेर पडून खाडीकडे जाणाऱ्या पाण्याची एक बाटली रोज सकाळी लॅबमध्ये यायची. मी ते पाणी तपासायचं, आकडे रजिस्टरमध्ये लिहायचे आणि खाली सही करायची. शुद्ध केलेलं असलं तरी त्या पाण्याला वास असायचाच, ओल्या गोणपाटासारखा. सुरुवातीला मला त्याने मळमळायचं. मग सवय झाली, आणि त्या सोमवारी तो नाही हे नाकाने लगेच सांगितलं.

मी बाटली पुन्हा हुंगली. झाकण हुंगलं. सर्दी झालीय का बघायला कपाटातली ॲसिटोनची बाटली उघडली आणि ठसकाच लागला. नाक शाबूत होतं.

आकडे छान आले. फारच छान. मंगळवारीही तसंच, बुधवारीही. पाण्यात घाण किती हे सांगणारा जो मुख्य आकडा असतो, तो रोज थोडा वर-खाली होतो. पाऊस, उत्पादन, सुट्टी, सगळ्याचा त्याच्यावर परिणाम होतो. हा मात्र शहाण्या मुलासारखा एका जागी बसून होता.

माझा पहिला संशय गेला काकांवर.

काका म्हणजे ईटीपीचे ऑपरेटर. पन्नाशी ओलांडलेले, तळोज्याच्याच बाजूच्या गावातले. सकाळी आठला ते बाटली भरून आणायचे आणि लॅबच्या दाराशी असलेल्या टेबलावर ठेवून जायचे. माझी बस बेलापूरहून पावणेनऊला पोचायची, म्हणजे बाटली मी यायच्या आधी पाऊण तास तिथे असायची. पूर्वी काका दुपारी कधी तरी डोकावायचे, घरामागच्या वेलाची काकडी आणून द्यायचे. दोन-तीन महिन्यांपासून ते बंद झालं होतं. जिन्यात समोर आले की खाली बघून जायचे.

गुरुवारी मी मुद्दाम त्यांना गेटजवळ गाठलं.

"काका, हल्ली पाणी एकदम स्वच्छ येतंय."

ते थांबले. माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही तरी चोरलंय.

"बरं हाय ना मंग," म्हणाले. "तुमाला तेच पायजे ना, मॅडम?"

आणि चालू लागले. मला वाटलं, झालं, चोराने तोंड उघडलं. पाणी भरायला मागच्या कोपऱ्यापर्यंत जायचा कंटाळा येत असेल, जवळच्या नळावर भरत असतील.

रात्रीचं जेवण करताना मी हे माझ्या रूममेटला सांगितलं. बेलापूरच्या सेक्टरमध्ये आम्ही दोघी एका वन बीएचकेत राहायचो. ती मूळची परभणीकडची, कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली काम करायची, आणि तिचा कुणावरच विश्वास नसायचा. दूधवाल्यावरसुद्धा नाही. तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"रजिस्टरवर सही कुणाची असते?"

"माझी."

"मग तू काकांचं काय घेऊन बसलीस? उद्या काही निघालं तर कागदावर तू आहेस. तारखा लिहून ठेव. घरी. ऑफिसच्या डायरीत नाही."

तिचं ते "ऑफिसच्या डायरीत नाही" मला लागलं. त्या दिवसापासून मी घरच्या एका जुन्या वहीत रोजची तारीख, वास आहे की नाही, आकडा किती, असं लिहायला लागले. आणि लिहायला लागल्यावर मला सगळीकडे काही ना काही दिसायला लागलं. जेवून आले की माझी खुर्ची सरकलेली वाटायची. रजिस्टरचं पान दुमडलेलं दिसायचं. कधी खरंच असायचं, कधी नसेलही.

पुढच्या आठवड्यात मला कॉलेजातली एक साधी गोष्ट आठवली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. एका द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकले की असं पाणी पिवळं होतं. आमच्या ईटीपीत क्लोरीन कुठेच वापरत नव्हते. म्हणजे तिथल्या पाण्याने पिवळं व्हायचं काही कारणच नव्हतं. लॅबमध्ये पिण्याचं पाणी तपासायला ते द्रावण होतंच. सगळे चहाला गेल्यावर मी टेस्ट ट्यूबमध्ये थोडं सॅम्पल घेतलं आणि थेंब टाकले.

लिंबाच्या सरबतासारखं पिवळं.

मला आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू. भीती नंतर वाटली. आधी आपण बरोबर होतो याचाच आनंद.

मी सरांना सांगितलं. सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख, ईटीपीही त्यांच्याच अखत्यारीत, मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला नेरूळला. मऊ बोलायचे. मी नवीन होते तेव्हा माझ्याकडून महागडं काचेचं भांडं फुटलं होतं, तेव्हा त्यांनी मॅनेजरसमोर "माझ्याच हातून फुटलं" असं सांगितलं होतं. आमची जायची वाट एक, म्हणून संध्याकाळी मला ते त्यांच्या गाडीतून बेलापूरपर्यंत सोडायचे. वाटेत लॅबमधले जुने किस्से सांगायचे. तळोज्यात माझं माणूस असं कुणी असेल तर ते सर, असं मी घरी आईला सांगितलेलं होतं.

गाडीत मी पिवळ्या रंगाचं आणि काकांवरच्या संशयाचं सांगितलं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"कुणाला बोललीस?"

"नाही," मी म्हणाले. रूममेटचं नाव का घेतलं नाही, मला आजही सांगता येणार नाही. जिभेवर आलं होतं.

"चांगलं केलंस. तो माणूस गावातला आहे, उगाच राजकारण होतं. दोन दिवस थांब, मी बघतो."

दोन दिवसांनी बाटलीला वास आला. ओल्या गोणपाटाचा, ओळखीचा. आकडाही थोडा वर गेला, पण मर्यादेत. मी थेंब टाकले, पाणी पिवळं झालं नाही. सरांनी लांबून भुवया उंचावल्या, मी मान हलवली. प्रश्न सुटला होता. काकांना कुणी झापलं असेल, तर तसं त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. ते पूर्वीसारखेच खाली बघून गेले. ते मला खटकलं, पण थोडंसंच.

वास आठवडाभर टिकला. मग पुन्हा गेला.

मी थेंब टाकले. रंग आला नाही. पुन्हा टाकले. नाहीच. आता वासही नाही आणि क्लोरीनही नाही. असं स्वच्छ पाणी आमच्या कारखान्यातून बाहेर पडत असेल तर आम्ही ते बाटल्यांत भरून विकायला हवं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. डबा उघडून बसले आणि विचार करत राहिले. क्लोरीन घालवायचं कसं? पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं. किंवा त्यात चिमूटभर हायपो टाकायचा. हायपो म्हणजे लॅबमध्ये रोज लागणारा एक क्षार, साखरेच्या बारीक खड्यांसारखा. तो टाकला की क्लोरीन क्षणात जातं. आणि हायपो उरला असेल तर त्यालाही पकडता येतं, आयोडीनचा तपकिरी रंग तो खाऊन टाकतो.

मी आयोडीनचा एक थेंब टाकला. रंग गेला. दुसरा टाकला. गेला.

मग मी काही कामाला चाललेय असं दाखवून लॅबमधून बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. हे काकांना माहीत असणं शक्य नव्हतं. पिवळ्या रंगाबद्दल कंपनीत मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं. हायपोचं कपाट कुलपात असायचं आणि किल्ली त्याच माणसाच्या खिशात. सकाळी साडेसातला, ट्रॅफिक नको म्हणून, लॅब उघडायला तोच यायचा.

तरी मन ऐकेना. मी काका आणि सर मिळालेले असतील असं धरलं. स्टोअरमधल्या कुणाला तरी धरलं. एकदा तर माझीच टेस्ट चुकली असेल असंही धरलं. फुटलेल्या काचेचं काय करायचं ते कळत नव्हतं. माझ्यासाठी खोटं बोलणारा माणूस म्हणून मी त्यांना चांगलं समजले होते. आता तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसायला लागली. किती सहज बोलले होते ते खोटं.

संध्याकाळी मी सरांना सांगितलं की आज डेंटिस्टकडे जायचंय, बसनेच जाते. ते म्हणाले, "डेंटिस्टकडे सोडतो की." मी म्हणाले, "नको, उलट्या बाजूला आहे." मी बसमध्ये चढेपर्यंत ते गाडीशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी बस सोडून दिली. पहाटेच रिक्षा केली आणि साडेसातच्या आधी मागच्या गेटने आत शिरले. सुरक्षारक्षकाला सांगितलं, आज लवकर टेस्ट आहे. थेट ईटीपीकडे गेले. जवळ गेल्यावरच वास आला, पण गोणपाटाचा नाही, सडलेल्या अंड्याचा. मोठ्या टाकीत एरवी हवेचे बुडबुडे उसळत असायचे. हवा मिळाली तरच त्यातले जिवाणू घाण खातात. आता पाणी काळं, जाड आणि गप्प पडलं होतं. हवा सोडणारा ब्लोअर बंद होता. त्याच्यावर धूळ बसली होती.

काका त्यांच्या पत्र्याच्या केबिनबाहेर उभे होते. मला बघून दचकले.

"तुमी? हितं? साहेबानी पाठवलं?"

"नाही. मीच आले."

"खोटं नका बोलू."

"काका, मी कशाला खोटं बोलू?"

"रोज त्येंच्याच गाडीत बसून जाता," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण बोट माझ्याकडे होतं. "मी रोज हितलंच पानी भरतो. हे असं, काला, घान. नि रजिस्टरला तुमची सही. सगला बरोबर, सगला छान. मना कलत नाय काय? बाटलीतला कोन वोतून टाकतो तां?"

मी त्यांच्यावर पाळत ठेवत होते त्या सगळ्या आठवड्यांत ते माझ्यावर पाळत ठेवून होते. गेटजवळची ती नजर चोराची नव्हती. चोराकडे बघणाऱ्याची होती.

मी त्यांना सगळं सांगितलं. वास, पिवळा रंग, हायपो. त्यांना रसायनं कळत नव्हती, पण किल्ली कुणाकडे असते ते नीट कळलं.

"ब्लोअर कधीपासून बंद आहे?" मी विचारलं.

"चार मयने झालं. मी तीनदा लिवून दिला. कागद साहेबांच्या टेबलावर, मोठ्या साहेबांकं गेलाच नाय बहुतेक." मग त्यांनी केबिनचं दार उघडलं. "या आत. हे बगा."

मागच्या भिंतीला एक फळी होती. तिच्यावर प्लास्टिकच्या बाटल्या एकीला एक लावून ठेवल्या होत्या, पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या, कुठल्याही. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर वाकड्यातिकड्या अक्षरात तारीख. आतलं पाणी चहासारखं.

"पकडलं तं पयला कोन पकडला जाईल? मीच ना. म्हनून रोजचा थोरा ठेवलाय."

मी त्या फळीकडे बघतच राहिले. घरी माझी वही होती, इथे त्यांच्या बाटल्या. दोघांनी एकाच चोराविरुद्ध पुरावा जमवला होता आणि दोघांनाही चोर समोरचाच वाटत होता.

आठ वाजत आले होते. काकांनी त्या दिवशीची बाटली माझ्यासमोर भरली. मी तिच्यातलं थोडं पाणी माझ्या स्टीलच्या बाटलीत घेतलं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे ती बाटली लॅबच्या टेबलावर ठेवली आणि मी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बस यायची वाट बघत बसले. बस आल्यावर बाकीच्यांबरोबर आत गेले. टेबलावर बाटली होती. तीच पट्टी, तेच अक्षर. आत स्वच्छ पाणी.

सरांना अकरा वाजता मीटिंग होती. मी माझ्या स्टीलच्या बाटलीतलं पाणी तपासायला लावलं. दोन तास लागतात त्या टेस्टला. ते दोन तास मी दाराकडे पाठ करून बसले, आणि प्रत्येक पावलाला वळून बघत होते. आकडा आला तो मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. मी तो रजिस्टरमध्ये लिहिला. सही केली. ती माझ्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही.

सर जेवणानंतर आले. रजिस्टर उघडलं, मिटलं आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"हे कुठलं सॅम्पल?"

"ईटीपीच्या आउटलेटचं. मी स्वतः आणलं."

"अगं, मग पुन्हा कर. काही तरी चुकलंय."

"नाही चुकलं, सर."

त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "ब्लोअरचा पार्ट यायचाय. दोन महिन्यांचा प्रश्न होता. आधी बाटलीत थोडं चांगलं पाणी मिसळून भागायचं, मग तेही भागेना. वरती कळलं असतं तर आधी प्लांट बंद, मग माणसं घरी. तुझ्यासारखी नवीन माणसं पहिली. मी कुणासाठी केलं हे?"

त्या क्षणी मला त्यांचं पटलं असतं. आवाज तसाच होता, काच फुटली तेव्हाचा. पण पुढे ते म्हणाले, "आणि बघ, गेल्या चार महिन्यांत सही सगळीकडे तुझी आहे. माझी कुठेच नाही."

हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं की काळजी म्हणून, मी आजही ठरवू शकत नाही. मला फक्त एवढं कळलं की रूममेटने पहिल्याच रात्री हेच वाक्य म्हटलं होतं. फरक एवढाच, की ती ते सांगून माझ्या ताटात भाजी वाढत होती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी फ्लॅटवर बसून प्लांट हेडना, म्हणजे कारखान्याच्या मोठ्या साहेबांना, मेल लिहिला. तिने माझी सगळी विशेषणं खोडली. "फसवणूक लिहू नको. तारीख लिही, आकडा लिही, बाटल्या कुठे आहेत ते लिही." वहीच्या पानांचे फोटो जोडले. काकांना फोन करून विचारलं, तुमचं नाव घालू का? ते म्हणाले, "घाला. मी खोटा नाय बोललो कदी." मग थांबून म्हणाले, "पन बाटल्या मी आज घरी आनल्यात, ताई. तिथं ठेवायचा भरवसा नाय वाटला." मॅडमची ताई मी त्या वाक्यात झाले, ते मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

पुढचं सगळं फार झपाट्याने झालं. प्लांट हेड दुसऱ्या दिवशी स्वतः टाकीपाशी गेले, नाकाला रुमाल लावून. त्या क्षणापासून पाणी बाहेर सोडणं बंद झालं आणि उत्पादनही आठवडाभर थांबलं. ब्लोअरचा पार्ट तीन दिवसांत बसला. तो स्टोअरमध्येच होता, महिन्याभरापूर्वी येऊन पडलेला. तो तिथे असूनही का बसवला गेला नाही, हे चौकशीत कुणीच सांगितलं नाही. सर म्हणाले, मला कल्पना नव्हती. स्टोअरवाले म्हणाले, आम्ही कळवलं होतं. प्लांट हेड काहीच म्हणाले नाहीत, आणि त्यांच्या त्या न बोलण्यावरून मला वाटलं की त्यांना आधीपासून थोडं तरी माहीत असावं. पुरावा नाही माझ्याकडे. नुसतं वाटलं.

चौकशीत आम्हा दोघांना एकाच खोलीत बसवलं. काकांनी बाटल्या गोणीत भरून आणल्या होत्या. टेबलावर एकेक मांडताना ते तारीख मोठ्याने वाचत होते आणि मी वहीतून आकडा वाचत होते. मधे मधे त्यांची तारीख होती आणि माझी नव्हती, ते रविवार होते. "मी रयवारी पन येतो," ते म्हणाले, थोडं अभिमानानेच.

सरांची दुसऱ्या शहरातल्या युनिटला बदली झाली. नोकरी गेली नाही. काका राहिले, टाकीतले बुडबुडेही परत आले. माझ्यावर काही आळ आला नाही, पण मला लॅबमधून उचलून कागदपत्रांच्या विभागात बसवलं. "सध्यापुरतं," असं म्हणाले. तिथे फाइलींच्या पाठीवर नंबर चिकटवत मी पाच महिने काढले. चहाला कुणी बोलवायचं नाही असं नव्हतं, पण मी गेले की बोलणं हवामानावर यायचं. मग मी दुसरीकडे अर्ज केले आणि एका खाजगी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये लागले. कंपनी सोडताना काकांनी काकड्यांची पिशवी दिली आणि त्यांच्या बहिणीचा पत्ता. ती बेलापूरच्या खाडीकाठी, दिवाळे गावात मासे विकते. "माजा नाव सांगा, ताजा देल," म्हणाले. मी अधूनमधून जाते. ती कोळंबी मोजताना आधी मला विचारते, "खारीचं पानी कसा हाय गो आता?" मी म्हणते, तपासून सांगते.

मागच्या महिन्यात बेलापूरच्या मेट्रो स्टेशनखाली सर भेटले. सुट्टीवर आले असावेत. केस पांढरे झाले होते. मला बघून खरंच आनंद झाल्यासारखे थांबले. हातातली पिशवी खाली ठेवली.

"कशी आहेस? कुठे असतेस हल्ली?"

साधा प्रश्न होता. शिकवणारा माणूस जुन्या विद्यार्थिनीला विचारेल तसा. त्यांना माझ्याकडून काही हवं असायचं कारण नव्हतं, मी त्यांचं आता ना काही बिघडवू शकत होते ना सुधारू शकत होते. तरी उत्तर देण्याआधी मी क्षणभर विचार केला, हे का विचारतायत, कुणाला सांगणार आहेत, माझ्या नव्या लॅबमध्ये त्यांच्या ओळखीचं कोण असेल.

"वाशीला," मी म्हणाले. माझी लॅब वाशीला नाही.

"छान, छान," ते म्हणाले, पिशवी उचलली आणि गेले. मी जिन्यावर उभी राहून ते रस्ता ओलांडून कुठल्या बाजूला जातात ते बघत राहिले.